व्हॅनमधला फ्रिज रात्री बंद पडत होता, त्याचा बंदोबस्त

व्हॅनलाच घर करून आम्ही खानदेशात राहतो आणि विजेसाठी छतावरचे सौर पॅनेल व १२ व्होल्टची बॅटरी यांवरच विसंबून असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला, तसा आमचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज मध्यरात्रीनंतर बंद पडू लागला आणि सकाळी दूध नासलेले मिळू लागले. बॅटरी गेली, नवी घ्या, असा सल्ला बहुतेकांनी दिला (सल्ल्याला पैसे पडत नाहीत). पण मल्टिमीटर लावला तेव्हा बॅटरीच्या टोकांवर १२.३ व्होल्ट दिसले आणि कॉम्प्रेसर चालू असताना फ्रिजच्या सॉकेटवर जेमतेम ११.५.

गाडीची वायरिंग करणाऱ्याने फ्रिजला १.५ चौरस मिलिमीटरची तार दिली होती. जाऊन-येऊन १२ मीटर भरणाऱ्या अशा तांब्याच्या तारेतून ५ अँपिअर प्रवाह गेला की सुमारे ०.७ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात, थोडे सैल सांध्यांत जातात, आणि व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली उतरले की फ्रिज स्वतःच कॉम्प्रेसर थांबवतो. म्हणून ६ चौरस मिलिमीटरची तार थेट बॅटरीपासून ओढली, १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगत बसवला, कारण तो फ्रिजपाशी लावला तर मधली तार असुरक्षितच राहते, आणि सिगारेट-लायटरचा ढिला सॉकेट काढून पक्का कनेक्टर लावला. आता तूट ०.२ व्होल्टच्या आसपास राहते. फ्रिजच्या मागे हवा खेळायला चार बोटे जागा सोडल्यापासून कॉम्प्रेसरही पूर्वीपेक्षा कमी वेळ चालतो.