रॉड स्वतः बांधताय? गाईड निवडताना या चुका टाळा

मासे गरवायचा रॉड बांधायला घेतला की सगळा जीव ब्लँकवर, म्हणजे नुसत्या दांडीवर जातो. कार्बन कुठला, टोक किती फास्ट (फक्त पुढच्या भागात वाकणारं), किती ग्रॅमचा ल्यूर, म्हणजे खोटं आमिष पेलेल यावर आठवडेच्या आठवडे खल होतो. मग गाईडची, म्हणजे लाईन ओवायच्या फ्रेम-कड्यांची वेळ येते आणि 'सात फुटी रॉडसाठी संच' असं लिहिलेली पुडी मागवून काम उरकलं जातं. फेक किती लांब जाईल, टोक हातात किती हलकं वाटेल, मासा लागल्यावर लाईन कुठे घासेल, हे बऱ्याच अंशी त्या पुडीतल्या मालावर ठरतं. आणि गाईड निवडायचे ते रील, लाईन आणि लीडरची (लाईनच्या पुढे जोडलेल्या जाड दोऱ्याची) गाठ बघून. ब्लँकची लांबी त्यानंतर येते.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच रॉड डोळ्यांसमोर ठेवू: सात फुटी, मीडियम हेवी, स्पिनिंग. ३००० किंवा ४००० नंबरचं रील, २० ते ३० पौंडी ब्रेडेड (विणलेली लाईन), पुढे ४० पौंडी लीडर. खाडीत कांदळवनाच्या कडेने जिताडा नाहीतर तांबोशी गरवायला जाणाऱ्याच्या हातात साधारण असाच रॉड असतो.

पहिलं गाईड डोळ्यांच्या अंदाजाने लावणं

सगळ्यात जास्त रॉड इथे बिघडतात, म्हणून इथे थोडं थांबू या.

स्पिनिंग रीलमधून लाईन सरळ सुटत नाही, वेटोळी घेत सुटते. ही वेटोळी पकडून हळूहळू अरुंद करत आणायची आणि पुढे लाईन सरळ धावू द्यायची, हे रीलकडून पहिल्या तीन गाईडचं काम. तिसऱ्याच्या आसपास वेटोळं जवळजवळ मोडलेलं असतं. त्या गाईडला चोकर म्हणतात. त्याच्या पुढची सगळी धावती गाईड. ती एकाच नंबरची आणि होतील तितकी लहान असावीत.

जपानच्या फुजी कंपनीने १९९० च्या दशकात 'न्यू गाईड कॉन्सेप्ट' नावाने ही मांडणी रूढ केली. तिचा प्रसिद्ध आकडा २७. स्पूलच्या (रीलवर लाईन गुंडाळलेल्या रिळाच्या) कडेचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, २७ ने गुणा, स्पूलपासून तेवढ्या अंतरावर चोकर. स्पूल ४५ मिमीचं असेल तर १२१५ मिमी, म्हणजे जवळपास चार फूट. हा आकडा सुरुवात करण्यापुरता धरा. मऊ, बारीक ब्रेडेडचं वेटोळं लवकर मोडतं, त्यामुळे चोकर याहून बराच मागे आणला तरी चालतो. ०.४५ मिमीचा जाड तंगूस (नायलॉनची एकपदरी लाईन) वापरणार असाल तर मात्र घाई करू नका. त्याची वेटोळी ताठ असतात आणि त्यांना मोठ्या कड्या लागतात. एकाच रॉडवर आज तंगूस आणि उद्या ब्रेडेड लावणाऱ्याने तंगुसाच्या हिशेबानेच गाईड घ्यावीत.

आकडेमोड नको असेल तर रील सीटवर बसवा आणि स्पूलच्या आसाच्या रेषेत एक सरळ पट्टी धरा. बहुतेक रीलांचा आस ब्लँककडे किंचित कललेला असतो. ती रेषा पुढे जिथे ब्लँकला भिडते, तिथे चोकर. पहिलं गाईड आपल्या रॉडवर स्पूलपासून साधारण अर्ध्या मीटरवर येतं. दुसरं या दोघांच्या मध्ये, पण बरोबर मध्यावरच असायला हवं असं नाही. बुडाकडून एक डोळा मिटून बघा. कड्या एकात एक बसलेल्या आणि एकाच रेषेत उतरत गेलेल्या दिसल्या पाहिजेत. मधलीच एखादी वर किंवा खाली डोकावत असेल तर तिची उंची चुकली आहे, नंबर नव्हे.

उंचीकडे दुर्लक्ष करणं ही याच चुकीची जुळी बहीण. २५ नंबरचं गाईड बुटक्या फ्रेमचंही मिळतं आणि उंच फ्रेमचंही. स्पिनिंगला पहिलं गाईड उंच फ्रेमचंच हवं. आपल्या रॉडला २५ उंच, मग १२, मग ६ अशी उतरण छान बसते. जाड लीडर किंवा तंगूस असेल तर २५, १६, १०. '२५-२०-१६-१२-१०-८' असे टप्प्याटप्प्याने लहान होत जाणारे जुने संच अजून विकले जातात. ते तंगुसाच्या काळातले. ब्रेडेडवर ते चालतात, पण रॉडच्या मधल्या भागावर विनाकारण ओझं टाकतात.

फेकताना लाईन ब्लँकवर सपसप आपटत असेल तर पहिलं गाईड फार पुढे आहे किंवा फार बुटकं आहे. लाईन सुटताना खरखर होत असेल आणि फेक अर्ध्यात दम सोडत असेल तर ते फार जवळ किंवा फार लहान आहे. पण गाईडवर आळ घेण्याआधी स्पूल बघा. ते काठोकाठ भरलं असेल तर लाईनचे पुंजके सुटतात आणि दोष गाईडला लागतो. कडेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा, मग फेकून बघा.

गाठ जाईल का, हे न बघता बारीक गाईड घेणं

बारीक गाईडची सध्या हवा आहे, आणि कारणही खरं आहे: टोकाला वजन कमी. मात्र फुजीच्या गाईडवरचा नंबर हा कडीचा साधारण बाहेरचा व्यास असतो. साडेपाच नंबरच्या कडीचं आतलं भोक चार मिलिमीटरसुद्धा भरत नाही. सगळ्या कंपन्यांचे नंबर एकाच पद्धतीने पाडलेले नसतात, त्यामुळे आतला व्यास लिहिलेला नसेल तर विचारा.

ऑर्डर देण्याआधी ब्रेडेडला लीडर जोडायची, तुम्ही खरोखर वापरता ती गाठ बांधा. एफजी गाठ सडपातळ असते, ४० पौंडी लीडरसह साडेपाचमधून बहुधा जाते. युनी टू युनी ही जाडसर गाठ बांधणाऱ्यांनी सहा किंवा सातच्या खाली जाऊ नये. हातात एखादं सुटं गाईड असेल तर गाठ दोन्ही दिशांनी ओढून बघा. बाहेर पडताना सुरळीत जाणारी गाठ आत येताना टॅगच्या, म्हणजे गाठीबाहेर उरलेल्या टोकामुळे अडते, आणि ती अडते नेमकी मासा पायाशी आल्यावर. खाडीच्या पाण्यात शेवाळ आणि गवताचे धागे लाईनला चिकटून येतात, हेही धरा. काश्मीरच्या स्वच्छ ओढ्यात ट्राउटसाठी चार नंबर चालेल. भरतीच्या गढूळ पाण्यात तो तुंबतो.

टोकाचं वजन

बुडाजवळचं पाच ग्रॅम कुणाला कळत नाही. टोकाजवळचं अर्धा ग्रॅम कळतं. तिथे वजन वाढलं की फेकीनंतर टोक उशिरापर्यंत थरथरत राहतं, लाईनला त्याच्या लाटा बसतात आणि हलकी टोच हातापर्यंत पोचत नाही. म्हणून पुढच्या निम्म्या रॉडवर एकपायी गाईड वापरा. दुपायी गाईड मागच्या एक-दोन जागी, किंवा बोटीवरून जड मासा उचलायच्या रॉडवर शोभतात. 'मजबूत हवं' म्हणून सात फुटी रॉडला टोकापर्यंत दुपायी गाईड लावणारे लोक आहेत. त्या प्रत्येक जागी धाग्याच्या दोन बांधण्या, त्यांवर लेपायची दुप्पट एपॉक्सी आणि ब्लँकवर ताठ झालेले पट्टे. फास्ट टोकाचे पैसे मोजायचे आणि ते असं मारून टाकायचं, याला काय म्हणावं?

एपॉक्सीचंही वजन असतं. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा बरे. आणि पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेत ते दुधट किंवा चिकट राहू शकतं, तेव्हा घाई नसेल तर कोरड्या दिवसांत करा.

कडी आणि फ्रेम: पैसे चुकीच्या जागी घालणं

ब्रेडेड लाईन मऊ दिसते, पण मिठाचे आणि रेतीचे कण घेऊन ती कडीतून धावते तेव्हा कानशीसारखी चालते. नुसत्या क्रोमच्या कडीला ती चर पाडू शकते, आणि मग तोच चर लाईन कापतो. ब्रेडेडसाठी सिरॅमिक कडीच घ्या. ॲल्युमिनियम ऑक्साइड स्वस्त आणि कामापुरती ठीक. सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे एसआयसी, जास्त टणक, गुळगुळीत आणि उष्णता लवकर बाहेर टाकणारी. मोठा मासा लाईन ओढत सुटला की हा गुण उपयोगी पडतो. पण एसआयसी ठिसूळही असते. रॉड खडकावर आपटला तर तडकते.

बजेट तोकडं असेल तर चांगली कडी टिप टॉपला (टोकावरच्या शेवटच्या गाईडला) आणि पहिल्या गाईडला लावा. लाईन सगळ्यात तीव्र कोनात वळते ती टोकावर. मधली गाईड साध्या ऑक्साइडची असली तरी बिघडत नाही. बाजारात प्रत्येक काळ्या चकचकीत कडीला एसआयसी म्हणतात, त्यामुळे अगदी स्वस्तात तीस गाईडचा डबा मिळत असेल तर ती एसआयसी नाही असंच धरून चाला.

फ्रेमच्या बाबतीत मात्र समुद्रावर काटकसर नको. स्टेनलेससुद्धा खाऱ्या पाण्यात गंजतं, आणि ते गंजतं बांधणीच्या आत, पायाजवळ, जिथे ओल अडकून राहते. एपॉक्सीखाली तांबूस डाग दिसला की समजा पाणी आत शिरलं आहे. टायटॅनियम फ्रेम गंजत नाही आणि हलकीही असते, पण महाग. पुढची चार-पाच गाईड टायटॅनियमची आणि मागची स्टेनलेसची, असा मेळ मला सगळ्यात पटतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं दोन्हींना लागतंच.

ब्रेडेड गाईडभोवती फास घालून बसत असेल, विशेषतः वाऱ्यात, तर फ्रेमचा आकार बघा. सरळ उभ्या पायांच्या जुन्या फ्रेमवर सैल वेटोळं अडकतं. टोकाकडे झुकलेल्या के प्रकारच्या फ्रेमवरून ते पुढे घसरून सुटतं. त्याआधी एक सवय बघा: बेल (रीलवरची लाईन धरणारी तार) हाताने बंद करता का? हँडल फिरवून बंद करणाऱ्याची सैल लाईन कुठल्याही फ्रेमवर अडकेल.

किती गाईड, आणि कुठे

फुटांच्या लांबीत एक मिळवा, टिप टॉप वेगळं, हा ठोकताळा बरा आहे. सात फुटाला आठ. पण ठोकताळ्यावर धागा गुंडाळू नका. आधी रॉड वाकवून बघा.

गाईड तात्पुरती धरून ठेवायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक काप उत्तम. बुडाकडे जिथे ते पुरत नाहीत तिथे मास्किंग टेप. रॉड टेबलाला आडवा बांधा, रीलमधून लाईन ओवून टोकाबाहेर काढा, तिला लिटरभर पाण्याची बाटली टांगा. टोक खाली वाकलं पाहिजे, पण ते बुडाच्या दिशेने दुमडेल इतकं ओढू नका. आता बाजूने बघा. लाईन ब्लँकच्या वळणाबरोबर चालली पाहिजे. दोन गाईडमध्ये ती सरळ ताणली जाऊन ब्लँकपासून फार दूर गेली असेल तर तिथलं अंतर कमी करा. प्रत्येक गाईडवर लाईन साधारण सारखीच वळावी. एकाच जागी मोठा कोपरा दिसला तर सगळा ताण त्या जागी येतो, आणि ब्लँक मोडायचा असेल तर तो तिथेच मोडतो. समाधान झालं की मैदानात हलकं वजन लावून हलक्या हाताने फेकून बघा, मगच धागा.

बेटकास्टिंग रॉडवर गाईड वरच्या बाजूला असतात, त्यामुळे तिथे लाईन ब्लँकला टेकते का हे बघायचं. टेकत असेल तर एखादं गाईड वाढवा किंवा गाईड वळसा घेत खाली न्या. वळशाची मांडणी बघायला विचित्र वाटते, पण मासा ओढताना रॉड हातात पिळत नाही.

ब्लँकच्या 'स्पाइन'वर, म्हणजे त्याच्या जरा जास्त ताठ बाजूवर, गाईड नेमकी बसवण्याचा आग्रह अजून ऐकू येतो. रॉड पिळतो की नाही हे गाईड वर आहेत की खाली यावर जास्त अवलंबून असतं. ब्लँक फिरवून बघा, तो ज्या बाजूने सरळ दिसतो ती बाजू घ्या आणि पुढे चला.

पाय न घासणं

नव्या गाईडच्या पायाचं टोक बोथट असतं. धागा त्यावर चढताना पायरी पडते, फट राहते, आणि पाणी तिथूनच आत जातं. कानशीने वरून उतार द्या. पण सुरीसारखी धार करू नका, आणि खालच्या बाजूची कुस बारीक पॉलिश पेपरने काढा. ही कुस कार्बनला चरा पाडते, आणि चरा पडलेला ब्लँक पुढे कधीतरी मोठ्या माशावर, विनाकारण वाटावा असा मोडतो.

टिप टॉप आणि दुरुस्ती

टिप टॉपच्या नळीचं माप काही ठिकाणी मिलिमीटरमध्ये, काही ठिकाणी इंचाच्या ६४ व्या भागात देतात. ४ नंबर म्हणजे सुमारे १.६ मिमी. दोन्हींत गल्लत झाली की नळी बसत नाही, आणि मग लोक ब्लँकचं टोक घासायला घेतात. ते कधीही करू नका. व्हर्नियरने टोक मोजा, केसभर मोठी नळी घ्या. चिकटवायला टिप टॉपचा गरम गोंद वापरा, एपॉक्सी नको. गोंद कांडीवर वितळवा, ज्योत ब्लँकला लावू नका. पुढे कडी तडकली तर नळी जराशी तापवून टिप टॉप सहज निघतं. एपॉक्सीने चिकटवलेलं काढताना टोक सोबत येतं.

कडी तडकली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवा. कापसाचा तंतू अडकला तर तिथे तडा आहे. लाईन नेहमी ठराविक अंतरावरच तंतू सोडत असेल तरी हेच करा. बदलायचं गाईड घेताना नुसता नंबर जुळवू नका, जुन्याची ब्लँकपासूनची उंचीही मोजून घ्या. नाहीतर एवढ्या खटाटोपाने जमवलेली उतरण त्या एका जागी तुटते. रॉड बांधून झाला की पहिल्या गाईडपासून टोकापर्यंतची सगळी अंतरं एका कागदावर लिहा आणि तो कागद रीलच्या डब्यात ठेवा.