व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला न्यूमोनिया होऊ नये म्हणून: ट्यूबचा कफ, तोंड, सक्शन आणि कल्चर

निरोगी माणसाच्या फुप्फुसातही जंतू असतात. संख्येनं थोडे, पण नाना जातींचे: प्रेव्होटेला, व्हेलोनेला, स्ट्रेप्टोकोकस. ते तोंडातूनच येतात, झोपेत नकळत खाली उतरणाऱ्या लाळेबरोबर. खोकला आणि पांढऱ्या पेशी त्यांना सतत हुसकावत असतात, त्यामुळे कुणा एकाला जम बसवता येत नाही.

व्हेंटिलेटरसाठी घशातून श्वासनलिकेत ट्यूब गेली की हा तोल ढळतो. खोकला दबतो, ट्यूबच्या आत बायोफिल्मचा, म्हणजे जंतूंचा चिकट थर धरतो, आणि आजारी माणसाच्या तोंडातले नेहमीचे जंतू मागे पडून ग्राम-निगेटिव्ह नावाच्या गटातले जंतू तिथं बस्तान मांडतात. त्यात अँटिबायोटिकचा मारा झाला की जातींची विविधता घटते आणि मोकळ्या रानात तण माजावं तसा एखादाच जंतू माजतो. आपल्याकडच्या आयसीयूत तो बहुधा अॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला किंवा स्यूडोमोनास असतो. ट्यूब टाकल्यावर ४८ तास उलटून गेल्यानंतर होणारा न्यूमोनिया, म्हणजे व्हीएपी (व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया), बऱ्याचदा असाच सुरू होतो. म्हणून दोन गोष्टींवर नजर हवी: वरून खाली काय गळतंय, आणि आपण विनाकारण कोणते जंतू मारतोय.

कफ

कफ म्हणजे इथं खोकल्यातला कफ नव्हे, तर श्वासनलिकेत ट्यूबभोवती हवेनं फुगवलेला फुगा. त्याचा दाब २० ते ३० सेंमी पाणी (दाबाचं एकक) इतका हवा. २० च्या खाली गेला की कफवर साचलेली लाळ कडेनं झिरपते. ३० च्या वर गेला की श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथं जखम होते. पायलट बलून (कफला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा) बोटानं दाबून अंदाज बांधू नका, अनुभवी हातही त्यात फसतो. मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, लावा. तो जोडता-काढताना थोडी हवा निसटतेच, म्हणून नुसतं वाचन घेऊन सोडू नका. २५ च्या आसपास आणून मगच काढा. दर शिफ्टला एकदा, शिवाय पेशंटला कूस बदलून दिल्यावर आणि सीटीहून परत आणल्यावर पुन्हा. आकडा चार्टवर लिहा, ‘कफ ओके’ असं नको.

ट्यूब दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त राहणार असं दिसत असेल, तर कफच्या वरून स्राव ओढणारी जादा नळी असलेली ट्यूब घ्या. ती नळी घट्ट स्रावानं बंद पडते. काहीच येत नसेल तर ‘स्राव नाही’ असं समजू नका, आधी नळी तपासा. आणि कोणत्याही कारणानं कफ सैल करायचा असेल तर त्याआधी तोंड आणि कफच्या वरची जागा सक्शन करून (नळीनं स्राव ओढून) घ्या, नाहीतर साचलेलं सगळं एका दमात खाली जातं.

तोंड

हे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं. बेडचं डोकं ३० ते ४५ अंश वर, कफ तपासलेला, तोंड आधी सक्शन केलेलं. मग लहान मुलांचा मऊ ब्रश निर्जंतुक पाण्यात बुडवून झटका. दात, हिरड्या, जीभ, टाळू या क्रमानं घासा आणि दुसऱ्या हातानं सक्शन चालू ठेवा. तोंडात पाणी ओतायचं नाही. एकानं ट्यूब धरावी, दुसऱ्यानं ती ओठाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवावी, आणि ओठापाशी सेंमीचा जो आकडा आधी होता तोच आहे ना ते पाहावं. ब्रश दिवसातून किमान दोनदा. मधल्या वेळी ओल्या स्वॅबनं तोंड पुसा.

क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश अजून अनेक ठिकाणी सवयीनं वापरतात. अमेरिकेतल्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो व्हीएपी टाळण्यासाठी नको म्हटलं आहे, कारण त्यानं मृत्यू वाढत असावेत अशी शंका आहे. ब्रशिंग मात्र त्याच सूचनांत ठेवलं आहे.

सक्शन आणि सर्किट

ट्यूबमधलं सक्शन घड्याळाकडे बघून नको. घरघर ऐकू आली, ट्यूबमध्ये स्राव दिसला, व्हेंटिलेटरच्या ग्राफवर करवतीसारखे दाते आले किंवा ऑक्सिजन उतरला तरच. कॅथेटरची (सक्शनच्या बारीक नळीची) जाडी ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. ८ नंबरच्या (आतून ८ मिमी) ट्यूबला १२ फ्रेंच (४ मिमी). आधी अर्धा ते एक मिनिट १०० टक्के ऑक्सिजन, आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत १५ सेकंदांच्या आत. दर वेळी सलाइन सोडू नका. सर्किट (व्हेंटिलेटरपासून ट्यूबपर्यंतच्या नळ्या) ठरावीक दिवसांनी बदलायची गरज नाही. घाण झालं किंवा बिघडलं तरच बदला. नळीत साचलेलं पाणी कूस बदलण्यापूर्वी काढा, पेशंटच्या दिशेनं वळवू नका.

कल्चर आणि अँटिबायोटिक

कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) स्रावाचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी घ्या, म्युकस ट्रॅपमध्ये (सक्शनला जोडायच्या बाटलीत). दोन तासांत लॅबला पोचवा, जमत नसेल तर ४ अंश सेल्सिअसला ठेवा. ग्राम स्टेनमध्ये (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना) तोंडातल्या चपट्या पेशी भरमसाट असतील तर तो नमुना लाळेचा समजून पुन्हा घ्या. ट्यूबमधल्या स्रावासाठी मिलिलिटरला सुमारे १ लाख आणि बीएएलसाठी (फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढलेल्या नमुन्यासाठी) १० हजार वसाहती, ही संसर्ग धरण्याची नेहमीची रेषा.

पण वाढ आली म्हणजे न्यूमोनिया झाला असं नाही. ताप नाही, एक्स-रेवर नवा डाग नाही, ऑक्सिजनची गरज तेवढीच, आणि रिपोर्टात अॅसिनेटोबॅक्टर: हा बहुतेक वेळा नुसता बसलेला जंतू आहे. त्यासाठी कोलिस्टिन हे जहाल अँटिबायोटिक सुरू केलं तर किडनी पणाला लागते आणि उरलेसुरले बरे जंतूही जातात. खरा व्हीएपी असेल तर उशीर नको. रिपोर्ट आल्यावर औषध अरुंद करा, म्हणजे सापडलेल्या जंतूपुरतंच ठेवा, आणि सुधारणा नीट असेल तर सात दिवसांत थांबवा.

‘चांगले जंतू’ बाहेरून द्यावेत का, हे नातेवाईकही विचारतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉस्पेक्ट चाचणीत २,६५० पेशंटपैकी सुमारे निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा प्रोबायोटिक, म्हणजे ‘चांगला’ जंतू, देऊन पाहिला. व्हीएपी प्रोबायोटिक गटात २१.९ टक्के, दुसऱ्या गटात २१.३ टक्के. वर काहींच्या रक्तात तोच लॅक्टोबॅसिलस सापडला. तेव्हा ट्यूबमधून प्रोबायोटिकची पूड नको. त्यापेक्षा रोज सकाळी राउंडला झोपेचं औषध कमी करून स्वतः श्वास घेता येतो का ते पाहा, आणि येत असेल तर ट्यूब त्याच दिवशी काढा.