बगळ्याच्या शिकारीचे फोटो: या चुका टाळा

थंडी पडली की मी उजनी धरणाच्या पाण्याकाठी, भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. कुंभारगावच्या काठावर दर रविवारी तेच चित्र असतं. सहाशे मिलिमीटरची लेन्स गळ्यात, होडी सुटून पाच मिनिटं झालेली नसतात आणि बगळा दिसला रे दिसला की खटाखट सुरू. परत आल्यावर चहाच्या टपरीवर प्रश्नही तोच, "नेमका मासा पकडतानाचाच फोटो कसा हुकतो?" हुकत नाही हो, आपण हुकवतो.

उतावळं बोट, ही माझी सगळ्यात 'लाडकी' चूक. मीही केली आहे. एका उथळ टापूवर राखी बगळा उभा होता. मी होडीत पोटावर पडलेलो. त्यानं मान वळवली, मी बर्स्ट मारला, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो. पाय उचलला, पुन्हा बर्स्ट. पस्तीसेक मिनिटं हेच चाललं. मग त्यानं जरा पुढे वाकून पाहिलं, मी घाईघाईनं बटण दाबून धरलं आणि कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे फोटो कार्डावर उतरेपर्यंत थांबतात ती जागा, भरला. कार्डाचा लाल दिवा लुकलुकतोय, शटर दाबतोय, काही होत नाही. त्याच क्षणी त्यानं चोच मारली. वीतभर चिलापी मासळी आडवी पकडलेली, तिचे पर ताठ झालेले, चोचीवरून पाणी ठिबकतंय, आणि मी व्ह्यूफाइंडरमधून नुसता बघतोय. होडीवाले दादा म्हणाले, "साहेब, आता काढा की!" घरी आल्यावर मोजले, उभ्या बगळ्याचे ४१२ फोटो. सगळे शार्प. बायकोनं विचारलं, "हे वेगवेगळे आहेत का?"

तेव्हापासून सवय लावून घेतली. उभ्या बगळ्याचे दोन फोटो झाले की बोट बटणावरून काढायचं आणि डोळा पक्ष्यावर ठेवायचा. एसच्या आकारात दुमडलेली मान सावकाश पुढे सरकू लागते, अंग आडवं होतं, पाय गोठल्यासारखे थांबतात. हे तिन्ही एकदम दिसलं की मग दाबायचं, आणि तेही सात-आठ फ्रेमच. कधी कधी तो वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. होऊ द्या. महागडं कार्ड घेतल्यानं बफर लवकर रिकामा होतो हे खरं, पण उतावळ्या बोटाला औषध नाही.

आणि चोच मारली म्हणजे संपलं असं समजून मान खाली घालून स्क्रीन बघू नका! खरी गंमत त्यानंतर असते. मासा डोक्याकडून गिळायचा असतो, नाहीतर त्याचे काटे घशात अडकतील. म्हणून बगळा त्याला चोचीत उलटसुलट करतो, हवेत उडवून झेलतो. एकदा एक नवखे गृहस्थ शेजारी बसून पहिल्या फ्रेमला झूम करून "आला, आला" करत होते. समोर चिलापी हवेत होती.

प्रत्येक पक्ष्याला एकच युक्ती लावणं ही आणखी एक चूक. बगळे डोळ्यांनी शिकार करतात. चित्रबलाक स्पर्शानं करतो. अर्धी उघडी चोच पाण्यात बुडवून तो चालत राहतो, पायानं चिखल ढवळतो आणि काही लागलं की चोच मिटते. तिथे झेपेची वाट बघत बसलात तर दुपार होईल. चोच पाण्याबाहेर येते तेव्हा तयार राहा. चमचा नावाचा पक्षी चोच डावी-उजवी फिरवत चालतो. मुग्धबलाकाच्या मागे मासे पकडतानाच्या फोटोसाठी तासभर फिरणारेही पाहिलेत. तो प्रामुख्यानं गोगलगायी खातो, महाराजा.

आता पांढऱ्याची गोष्ट. गडद पाण्यात छोटा बगळा उभा असला की कॅमेऱ्याला सगळं अंधारं वाटतं आणि तो प्रकाश वाढवतो. मग पिसांच्या जागी पांढरा कागद. नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही ओढा, जळलेलं पीस परत येत नाही. मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर ठेवून, म्हणजे फोटो मुद्दाम जरा गडद करून सुरुवात करतो, पहिले दोन फोटो हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखावर तपासतो आणि मग त्याकडे बघत नाही. पाणी चमकत असेल तर उलटं होतं, बगळा काळवंडतो. "रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आहे, होईल नंतर" असं म्हणणाऱ्यांना मी काही सांगायचं सोडून दिलंय.

शटरचा वेग हजारवर (सेकंदाचा हजारावा भाग) ठेवून शिंतोडे गोठवायची अपेक्षा ठेवू नका. दोन हजाराच्या खाली मी जात नाही, वाढला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) तर वाढू दे. होडीत ट्रायपॉड नेऊ नका, शेंगदाण्यांनी भरलेली पिशवी पुरते. उभं राहून वरून काढू नका, लेन्स जितकी पाण्याजवळ तितकं बरं. क्षितिज सरळ ठेवा, धरणाचं पाणी एका बाजूला ओतलं जात नाही. पाय आणि प्रतिबिंब कापू नका. आणि ऑक्टोबरात जाऊन "पक्षी कुठायत" म्हणू नका. तेव्हा उजनी भरलेली असते, उथळ पाणी फारसं नसतं. फेब्रुवारी-मार्चला पाणी उतरतं, मासे डबक्यांत अडकतात आणि पंगत बसते.

"दादा, अजून जवळ घ्या" हे वाक्य मात्र मला सहन होत नाही. मान ताठ करून तो तुमच्याकडे पाहू लागला की शिकार संपली, पुढचा फोटो पाठमोरा उडण्याचा. इंजिन लांबच बंद करायला सांगा, काठीनं होडी ढकलू द्या, मग गप्प बसा. आणि गाठ्या-शेव टाकून कुरव पक्षी गोळा करणारे, किंवा मेलेला मासा फेकून बगळा बोलावणारे? तो शिकारीचा फोटो नव्हे, जेवणावळीचा आहे. त्यांच्या होडीत मी बसत नाही.

जाता जाता, एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढू नका. बाहेरची हवा गाडीतल्यापेक्षा उबदार आणि दमट असेल तर थंड लेन्सवर धुकं बसतं. पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा, काचा उघडा.