पालिकेच्याच कामांतून पावसाळी गटारात घाण जाते: या चुका टाळा

नाल्यात फेस दिसला, तेलाचा तवंग दिसला की सगळ्यांचं बोट आधी कारखान्यांकडे जातं, मग गॅरेजवाल्यांकडे. पालिकेच्या स्वतःच्या वर्कशॉपकडे, डेपोकडे, रस्तादुरुस्तीच्या गँगकडे फार उशिरा लक्ष जातं. खरं तर गाड्या धुणं, डिझेल भरणं, खडी-वाळू साठवणं, चेंबर उपसणं, जलवाहिन्या फ्लश करणं ही सगळी कामं पालिका रोज करते आणि यातल्या प्रत्येक कामातून पावसाळी गटारात काही ना काही जाऊ शकतं.

शहराच्या बऱ्याच भागांत पावसाळी गटारातलं पाणी कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही. जाळीतून खाली पडलं की ते नाल्यात आणि तिथून नदीत, तळ्यात किंवा समुद्रात जातं. अमेरिकेने पावसाळी गटारांसाठी १९९० साली मोठ्या शहरांना आणि १९९९ साली लहान शहरांना परवान्याचे नियम लावले. लहान शहरांसाठी त्यांनी जे सहा किमान उपाय बंधनकारक केले, त्यातला एक पूर्ण उपाय पालिकेच्या स्वतःच्या कामांबद्दल आहे. ही जागा त्याला योग्यच मिळाली आहे. नागरिकांना नोटिसा पाठवणाऱ्या पालिकेचं स्वतःचं आवार आधी स्वच्छ हवं, असं माझं ठाम मत आहे.

नकाशावर विसंबणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे, त्यामुळे तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

आवारातलं प्रत्येक गटार, प्रत्येक जाळी, धुण्याच्या रॅम्पखालचा प्रत्येक पाइप कुठे जातो, हे बहुतेक ठिकाणी कुणालाही खात्रीने सांगता येत नाही. विचारलं तर नकाशा पुढे येतो. नकाशा काढला त्या दिवशी तो बरोबर असेलही. त्यानंतर जमिनीखाली किती वेळा खोदलं गेलं, काय कुठे जोडलं गेलं, हे त्यावर क्वचितच उतरतं.

एका पालिकेच्या वर्कशॉपजवळच्या नाल्यात पाऊस नसतानाही फेस येत होता. तक्रारी आल्या आणि सगळ्यांनी शेजारच्या खासगी गॅरेजांवर ठपका ठेवला. काहींना नोटिसा गेल्या. वर्कशॉपचा धुण्याचा रॅम्प मैलावाहिनीला, म्हणजे शुद्धीकरण केंद्राकडे सांडपाणी नेणाऱ्या लाइनला, जोडलेला आहे, असं नकाशा सांगत होता, म्हणून तिकडे कुणी पाहिलंच नाही. मी रंग टाकून तपासायचा आग्रह धरला. ‘नकाशा आहे ना, मग कशाला वेळ घालवायचा?’ असं उत्तर मिळालं. शेवटी रॅम्पच्या गटारात हिरवा फ्लुरोसीनचा रंग टाकून पाण्याचा पाइप सोडला. मैलावाहिनीच्या चेंबरमध्ये काहीच आलं नाही. हिरवं पाणी नाल्याच्या तोंडाशी आलं. पूर्वी कधीतरी रस्त्याच्या कामात ती लाइन तुंबलेली सापडली होती आणि काम करणाऱ्यांनी ती सगळ्यात जवळच्या चेंबरला जोडून टाकली होती. तो चेंबर पावसाळी गटाराचा होता. पालिकेची प्रत्येक गाडी धुतली की ऑइल, ग्रीस, ब्रेकची भुकटी आणि साबण असं सगळं त्या नाल्यात उतरत होतं.

यापेक्षा जास्त राग मला पुढच्या बैठकीतल्या सूचनेचा आला. जोडणी दुरुस्त होईपर्यंत गाड्या रात्री धुवाव्यात, म्हणजे फेस कुणाला दिसणार नाही, असं एकाने सुचवलं. असल्या पळवाटांना पहिल्याच वाक्यात नाही म्हणायला शिका. आम्ही रॅम्पचं तोंड त्याच दिवशी बंद केलं आणि योग्य जोडणी होईपर्यंत गाड्या दुसरीकडे, मैलावाहिनीची खात्री असलेल्या जागी पाठवल्या. ड्रायव्हर कुरकुरले, पण ते चालतं.

तेव्हापासून नव्या आवारात गेलो की मी आधी रंगाची चाचणी करतो. ती कोरड्या दिवसात करावी. एका वेळी एकच गटार तपासावं, पाणी भरपूर सोडावं, खालच्या प्रत्येक संभाव्य चेंबरवर माणूस उभा करावा आणि घाई करू नये. सपाट लाइनमध्ये रंग पोहोचायला बराच वेळ लागतो. ‘आला नाही, चला पुढच्याकडे’ म्हणणाऱ्या नवख्यांमुळे दुसऱ्या गटाराचा रंग पहिल्याच्या खात्यात जमा होतो. ज्या विभागाकडे नाल्याच्या तक्रारी येतात त्यांना आधी कळवून ठेवा, नाहीतर हिरवं पाणी पाहून धावपळ उडते. निकाल लागला की जाळीशेजारी ऑइलपेंटने लिहून टाका: नाला किंवा मैला. फायलीतल्या कागदापेक्षा जमिनीवरची अक्षरं पाइप हातात धरलेल्या माणसाला जास्त उपयोगी पडतात.

याच्याच जोडीला नाल्यांच्या तोंडांवर कोरड्या हवेत फेरी मारा. तीन दिवस पाऊस नाही आणि तरी पावसाळी गटारातून पाणी येतंय, तर त्याचं कारण शोधलंच पाहिजे. ते भूजल असू शकतं, फुटलेली जलवाहिनी असू शकते किंवा कुणाचा तरी चुकीचा जोड असू शकतो. वास, रंग, फेस आणि तवंग यांवरून बराच अंदाज येतो.

सांडलेलं ऑइल पाण्याने धुणं

दुसरी माझी नावडती चूक. डिझेल पंपाशी किंवा गाडीखाली ऑइल सांडलं की हात आपोआप पाण्याच्या पाइपकडे जातो. फरशी स्वच्छ दिसते, साहेब खूश होतात आणि ऑइल जाळीत गेलेलं असतं. एक लिटर ऑइल दहा लाख लिटरपर्यंत पाणी खराब करू शकतं, हा आकडा या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो आणि तो प्रत्येक मेकॅनिकच्या कानावर जायला हवा.

‘आमच्याकडे ऑइल सेपरेटर आहे, आम्ही साबण टाकून धुतो’ असं म्हणणाऱ्यांना तर मी थांबवून समजावतो. साधा सेपरेटर गुरुत्वाकर्षणावर चालतो. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून त्याचे थेंब संथ पाण्यात वर येतात, वरती थर साचतो आणि खालचं पाणी पुढे जातं. साबण तेलाचे इतके बारीक थेंब करतो की त्यांना वर यायला वेळच मिळत नाही. ते पाण्यात मिसळून दुधाळ होतात आणि सेपरेटर ओलांडून बाहेर पडतात. सेपरेटर बसवायला खर्च करायचा आणि रोज त्यात साबण ओतून तो निकामी करायचा, हे मी फार ठिकाणी पाहिलं. प्रेशर पंपचा जोरही तेच करतो. शिवाय वरचा तेलाचा थर आणि तळाचा गाळ उपसला नाही, तर साबण नसतानाही सेपरेटर काम करत नाही.

‘हा साबण जैवविघटनशील आहे’ हाही बचाव चालणार नाही. त्याचं विघटन व्हायला वेळ लागतो, आणि ते होताना पाण्यातला ऑक्सिजन वापरला जातो. माशांच्या कल्ल्यांना इजा त्याआधीच झालेली असते. असा साबण मैलावाहिनीत जाणाऱ्या रॅम्पवर वापरा, नाल्यात जाणाऱ्या गटाराजवळ नको.

माझी पद्धत साधी आहे. आधी गळती थांबवायची. पेट्रोल असेल तर त्याआधीही आगीचा विचार करायचा: इंजिनं बंद, माणसं दूर, अग्निशमनला फोन. ऑइल किंवा डिझेल असेल तर लगेच जवळच्या जाळीवर रबरी मॅट टाकायची किंवा वाळूच्या पिशव्यांनी ती घेरायची. मग शोषक दाणे, कोरडी वाळू किंवा भुसा कडेकडून आत टाकत यायचं, झाडूने घासून घ्यायचं, उचलायचं, आणि डाग ओला वाटला तर पुन्हा टाकायचं. उचललेला माल घातक कचऱ्याच्या पिंपात जातो, साध्या कचऱ्यात नाही. इथे बरेच जण घाईत अर्धवट थांबतात: भुसा टाकतात आणि ‘सकाळी झाडून घेऊ’ म्हणून तसाच सोडतात. रात्री पाऊस आला की तेल प्यालेला तो भुसा सगळाच्या सगळा गटारात जातो.

ऑइल सांडल्यावर लागणारं सामान कुलूपबंद स्टोअरमध्ये ठेवू नका. स्टोअरकीपर सुट्टीवर असताना ते मिळणार नाही. पंपाशेजारी, वर्कशॉपच्या दारात आणि रस्त्यावर जाणाऱ्या मोठ्या गाड्यांत एकेक पेटी हवी. मी पेटीला साधी प्लास्टिकची सील लावतो. सील तुटलेली दिसली म्हणजे काहीतरी वापरलं गेलंय, भरून ठेवा.

चेंबरचा गाळ

तळाला गाळ बसायची जागा असलेले चेंबर वर्षातून एकदा ठरलेल्या तारखेला साफ करण्यात अर्थ नाही. काही चेंबर दोन महिन्यांत भरतात, काही वर्षभर तसेच राहतात. काठी घालून मोजा. गाळाची जागा निम्मी भरली की उपसा, कारण त्यापुढे नवा गाळ थांबत नाही आणि जोराच्या पावसात जुनाही उखडून वाहून जातो. नुसतं जेटिंग (जोराच्या पाण्याचा फवारा) मारणं म्हणजे ती घाण खालच्या नाल्याला पोहोचवणं, सोबत सक्शन हवंच. आणि टँकर भरला म्हणून वरचं गढूळ पाणी शेजारच्याच चेंबरमध्ये सोडून देणाऱ्या गँगचं बिल मी मंजूर करत नाही.

रस्ते झाडणं

मोठे खडे-कागद उचलले की रस्ता स्वच्छ दिसतो, पण जड धातूंचा बराच भाग बारीक धुळीला चिकटलेला असतो आणि साध्या ब्रशच्या मशीनमागे तीच धूळ उरते. व्हॅक्यूम मशीन असेल तर ते सर्वाधिक वाहतुकीच्या रस्त्यांवर लावा आणि हळू चालवा. टायरची झीजही याच धुळीत असते. टायरमधल्या ६-पीपीडी या रसायनापासून तयार होणारं क्विनोन कोहो सॅमन माशांना पावसाच्या पाण्यातून मारतं, हे २०२० साली उघड झालं. पानगळीतही हयगय नको. अमेरिकेत मॅडिसन शहरातल्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रस्त्यावरची पानं पावसाआधी उचलल्यावर पाण्यातला फॉस्फरस ८४ टक्क्यांनी कमी झाला. ‘पावसाआधी’ यातच सगळं आहे. ओली झालेली पानं भिजवलेल्या चहापत्तीसारखी आपला अर्क पाण्यात सोडून मोकळी होतात, नंतर उचललेल्या चोथ्याचा फारसा फायदा नाही.

क्लोरीनचं पाणी ‘स्वच्छ’ समजणं

जलवाहिनी फ्लश केली, टाकी धुतली, जलतरण तलाव रिकामा केला आणि पाणी गटारात सोडलं. पिण्याचंच तर पाणी! पण गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची क्लोरीनची अल्पकाळची मर्यादा लिटरला १९ मायक्रोग्रॅम आहे. नळाच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असलं तरी ते याच्या दहापट होतं. तलावात आणि निर्जंतुक केलेल्या नव्या वाहिनीत त्याहून कितीतरी जास्त असतं. परवानगी घेऊन मैलावाहिनीत सोडा, मोकळ्या हिरवळीवर मुरवा किंवा सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन काढून, किटने तपासून मग सोडा. थायोसल्फेट मोजून टाका, जास्त झालं तर तेच पाण्यातला ऑक्सिजन खाऊ शकतं.

बाकीच्या, थोडक्यात

काँक्रीटची गाडी आणि अवजारं गटाराशी धुऊ नका. त्या पाण्याचा सामू (pH) १२च्या वर जातो, म्हणजे ते अतिशय अल्कधर्मी होतं, आणि मासे मरतात. प्लास्टिक अंथरलेला खड्डा करा, सुकलं की तुकडे उचला. डांबर-काँक्रीट कापतानाचा चिखलही सक्शनने तिथल्या तिथे ओढून घ्या.

वाळू, मुरूम, खत, मीठ यांच्या ढिगांवर ताडपत्री हवी आणि ती बांधलेली हवी.

ऑइलच्या पिंपांभोवतीच्या कट्ट्यात सगळ्यात मोठ्या पिंपाच्या ११० टक्के माल मावला पाहिजे. कट्ट्यातलं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. पावसाचं पाणी साचतं म्हणून तो कायम उघडा ठेवणाऱ्यांनी कट्टा बांधलाच नाही असं समजा.

तणनाशक आणि खत पावसाच्या आदल्या दिवशी नको.

काम संपल्यावर जाळीवरच्या गाळ अडवणाऱ्या पिशव्या काढा, नाहीतर पुढच्या पावसात रस्त्यावर पाणी तुंबेल आणि कुणीतरी रागाने त्या फाडून सगळा गाळ आत सोडेल.

उन्हात तपासणी

तपासणीचे तक्ते बहुतेक वेळा लख्ख उन्हात भरले जातात. माझा आग्रह असा की निदान एक फेरी पाऊस पडत असतानाच व्हावी, शक्यतो हंगामाच्या पहिल्या पावसात, कारण साचलेल्या घाणीचा मोठा वाटा तेव्हाच वाहून जातो. कुठल्या ढिगाखालून तांबडं पाणी निघतंय, कुठल्या गाडीखालून तवंग येतोय, कुठली ताडपत्री उडाली, हे तेव्हाच दिसतं. सोबत मुकादमाला घ्या, धुण्याचा पाइप रोज हातात धरणाऱ्याला घ्या आणि ठेकेदाराच्या माणसालाही घ्या. ठेकेदाराच्या करारात या सगळ्या अटी लिहिलेल्या असतील तर त्याला जागेवर दाखवून काम करून घेता येतं, म्हणून निविदेचा मसुदा होतो तेव्हाच त्या घालायला लावा.