मेट्रोच्या खोदकामापूर्वी भूमिगत वाहिन्या कशा हलवाव्यात आणि मॅनहोल कसे बसवावेत

भुयारी स्थानकाचे खोदकाम सुरू होण्यापूर्वी त्या जागेतील मलवाहिन्या, जलवाहिन्या, गॅसवाहिन्या आणि केबल बाजूला घ्याव्या लागतात. या स्थलांतराची आखणी मलवाहिनीपासून सुरू करावी. दाबाखाली वाहणारे पाणी वरून, खालून किंवा वळसा घालून नेता येते आणि केबल अरुंद जागेतूनही काढता येते. मलवाहिनी मात्र केवळ उतारावर चालते आणि तिच्या दोन्ही टोकांची तळपातळी, म्हणजे नळाच्या आतल्या तळाची उंची, जुन्या जाळ्याने आधीच बांधून टाकलेली असते. समजा, १०० मीटरचा सरळ मार्ग स्थानकाला वळसा घालताना १४० मीटर झाला, तर पातळीतील तोच फरक अधिक अंतरावर विभागला जातो आणि प्रवाहाचा वेग सुमारे १५ टक्क्यांनी घटतो. गाळ तळाशी साचू नये यासाठी रोजच्या सर्वाधिक प्रवाहाच्या वेळी सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग मिळायला हवा. तो मिळत नसेल तर व्यास वाढवण्याचा उपाय हमखास सुचवला जातो, पण तेवढेच पाणी मोठ्या नळातून अधिक उथळ आणि संथ वाहते. त्यापेक्षा नवी वाहिनी आणखी खालच्या बाजूच्या मॅनहोलला जोडून जास्तीचा पातळीफरक मिळवावा. पंपिंग हा शेवटचा पर्याय समजावा, कारण तो खर्च बांधकामानंतरही कायम चालू राहतो.

आखणीपूर्वी जमिनीखाली नेमके काय आहे याची खात्री करावी. जुने नकाशे केवळ सुरुवातीपुरते उपयोगी असतात. विद्युतचुंबकीय शोधयंत्राला धातूचे नळ आणि केबल सापडतात, प्लॅस्टिकचे नळ सापडत नाहीत. भूवेधी रडार ते दाखवू शकते, परंतु ओल्या चिकणमातीत त्याची नजर फार खोलवर पोहोचत नाही. त्यामुळे जिथे नवी वाहिनी जुनीला ओलांडणार आहे किंवा स्थानकाची भिंत उतरणार आहे, अशा प्रत्येक ठिकाणी हाताने चाचणी खड्डा खणून वाहिनीचा माथा, व्यास आणि साहित्य प्रत्यक्ष पाहून नोंदवावे. मलवाहिनीची तळपातळी मॅनहोल उघडून मोजता येते. ती नकाशावरून उचलू नये.

खोदाई सर्वात खोल वाहिनीपासून करावी आणि मग वर येत जावे, म्हणजे नुकत्याच टाकलेल्या वाहिनीखाली पुन्हा खणावे लागत नाही. पिण्याच्या पाण्याची वाहिनी मलवाहिनीच्या वर आणि शक्य तेवढी दूर ठेवावी. चराच्या बाजूंना आधार देण्यात कुचराई करू नये. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधाराशिवाय माणूस उतरवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय.

जिथे दिशा, उतार किंवा व्यास बदलतो किंवा जिथे दोन वाहिन्या मिळतात, अशा प्रत्येक ठिकाणी मॅनहोल हवे. व्यास बदलत असल्यास दोन्ही नळांचे तळ नव्हे, तर माथे एका पातळीत आणावेत. अन्यथा मोठा नळ भरला की लहान नळात पाणी तुंबते. आत अर्धगोल नाली करून तिच्या दोन्ही बाजूंचे बेंचिंग, म्हणजे काँक्रीटचे उंचवटे, नालीकडे उतरते करावे. येणारी वाहिनी बरीच वर असेल तर पाणी थेट कोसळू न देता उभ्या नळातून तळाशी आणावे.

उंच भूजल असलेल्या ठिकाणी मॅनहोल वर उचलले जाण्याचा धोका असतो आणि तो हिशेबातून अनेकदा सुटतो. आतला व्यास १.२ मीटर आणि भिंतीची जाडी १५० मिलिमीटर असेल, तर पाण्याखालील प्रत्येक मीटरला सुमारे १.७७ टन उचल मिळते, तर तेवढ्या काँक्रीट भिंतीचे वजन जेमतेम दीड टन भरते. म्हणून तळाचा स्लॅब भिंतीबाहेर काढून त्यावरील भरावाचे वजन उपयोगात आणावे. शेजारच्या खोदकामासाठी पाणी उपसले जात असताना भूजल खाली गेलेले दिसते. हिशेब मात्र उपसा थांबल्यानंतरच्या पातळीवर करावा. त्याच खोदकामामुळे जमीन थोडी खचणार हे गृहीत धरून मॅनहोलच्या भिंतीलगत लवचिक सांधे असलेला आखूड नळ टाकावा, म्हणजे खचण्याचा ताण नळ मोडण्याऐवजी सांध्यांत जिरतो.

प्रवाह नव्या वाहिनीत वळवताना वरच्या मॅनहोलमध्ये फुगवता येणारा बूच बसवून सांडपाणी पंपाने पुढे नेतात. पंपांची क्षमता सर्वाधिक प्रवाहानुसार ठरवावी आणि एक राखीव पंप जोडलेल्या स्थितीत तयार ठेवावा. चालू मॅनहोलमध्ये उतरण्यापूर्वी ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू आणि हायड्रोजन सल्फाइड वेगवेगळ्या खोलीवर मोजावेत. वास येत नाही म्हणून वायू नाही असे समजू नये, कारण हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. आतला माणूस कोसळला तर दुसऱ्याने तसेच आत उतरू नये. वर तिपाई आणि दोर आधीपासून लावलेला असावा.

जलवाहिनीच्या जोडणीआधी जुने व्हॉल्व्ह खरोखर बंद होतात का, हे पाणीबंदच्या आदल्या रात्रीच तपासावे. नव्या वाहिनीची दाबचाचणी आणि क्लोरीनने निर्जंतुकीकरण झाल्याशिवाय ती जोडू नये. गॅस आणि विद्युत वाहिन्यांची जोडणी ज्यांच्या मालकीच्या त्या वाहिन्या आहेत त्यांच्याच पथकाकडून करून घ्यावी. गाड्या एकदिश विद्युतप्रवाहावर चालत असतील तर रुळांतून परतणारा तो प्रवाह जमिनीत गळून धातूच्या नळांवर येतो आणि जिथे तो नळातून बाहेर पडतो तिथे नळ झिजतो. त्यामुळे अशा मार्गालगत प्लॅस्टिकचे नळ किंवा विद्युतरोधक सांधे वापरावेत.

भराव टाकण्यापूर्वी मॅनहोलची निर्वात किंवा पाणीभरणी चाचणी करावी, मलवाहिनी कॅमेऱ्याने पाहावी आणि प्रत्येक वाहिनीचे स्थान व पातळी मोजून नोंदवावी. भराव पातळ थरांत दाबावा. मुख्य रस्त्यावरील झाकण ४०० किलोन्यूटन भार सहन करणारे असावे आणि त्याची चौकट रस्त्याचा शेवटचा थर टाकतानाच अंतिम पातळीला बसवावी. वापरातून गेलेले जुने नळ पोकळ सोडू नयेत. ते सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरावेत, अन्यथा खोदकामाचे पाणी आणि माती त्यांतून वाट काढतात.