प्रकार्यवादावरची टीका आणि काळारामाचा दरवाजा

एम.ए.च्या पहिल्या वर्षी 'प्रकार्यवादावरील टीका' हा प्रश्न मी आठ मुद्द्यांत सोडवला. प्रकार्यवाद म्हणजे समाजातल्या संस्था आणि रूढी समाज टिकवायला काय काम करतात, हे पाहणारा समाजशास्त्रातला विचार. बदल समजावत नाही, संघर्ष झाकतो, माणसाला बाहुलं समजतो... सगळं गाइडातलं, अक्षर सुवाच्य. १६ पैकी ६. समासात लाल शेरा: 'टीका नेमकी कोणावर?'

प्रकार्यवादी सगळे एका माळेचे मणी नाहीत, हे मला माहीतच नव्हतं. पार्सन्स आणि मर्टन दोघेही अमेरिकन प्रकार्यवादी समाजशास्त्रज्ञ, पण पार्सन्सवर उगारायचा आसूड मी मर्टनवर ओढला होता. समाजातली प्रत्येक रूढी उपयोगाचीच असते, हे गृहीतक मर्टननेच १९४९ मध्ये खोडलं, 'अपकार्य' (समाजाला बाधक ठरणारा परिणाम) ही कल्पना पुढे आणली. म्हणजे टीकाकार घरातलाच! म्हणून आधी कोण काय म्हणालं ते वाचा, मुद्दे नंतर.

प्रकार्यवाद परिणामालाच कारण ठरवतो, हा आक्षेप वर्गात कुणाला पटकन कळत नाही. मी असा लक्षात ठेवला: छत्र्या खपाव्यात म्हणून पाऊस पडतो.

स्तरीकरणाचा, म्हणजे समाजातल्या वरच्या-खालच्या थरांचा वाद मात्र मला घरीच भेटला. महत्त्वाच्या जागांवर लायक माणसं यावीत म्हणून मोबदला कमीजास्त असतो, असं डेव्हिस आणि मूर या प्रकार्यवाद्यांनी १९४५ मध्ये मांडलं. १९५३ मध्ये ट्यूमिन या समाजशास्त्रज्ञाने विचारलं, महत्त्वाचं ठरवणार कोण? कारखान्याला इंजिनिअर लागतात तसे अकुशल कामगारही लागतातच. माझे वडील सातपूरला कारखान्यात हेल्पर होते. "साहेब रजेवर गेला तर लाइन चालते, आम्ही बसलो की थांबते," हे मी जेवताना कितीदा ऐकलं होतं. ट्यूमिन वाचताना हसूच आलं.

आणि जात. जातींमुळे कामं वाटली जायची, गाव एकसंध राहायचं, असं माझ्या नोट्समध्ये होतं. कोणासाठी एकसंध? ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिलं. त्याआधी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकच्या पंचवटीत, अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे बंद करून घेतले गेले, लोक बाहेर ठाण मांडून बसले. लहानपणापासून त्या काळ्या दगडी मंदिरात जात होतो, पण दरवाज्याकडे म्हणून कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला उत्तराची सुरुवात मी तिथूनच केली. १६ पैकी ११. पार्सन्सचं नाव तेव्हाही चुकीचंच लिहिलं होतं.