हँड कंट्रोलची गाडी घेताय? आधी व्हीलचेअर घेऊन शोरूमला जा

मणक्याला मार लागून माझे दोन्ही पाय गेले त्याला नऊ वर्षं झाली, कमरेखाली ताकद पण नाही आणि जाणीव पण नाही, आणि त्यातली सहा वर्षं मी माझी गाडी एकटा चालवतोय. ओळखीतून फोन येतात ते सगळे एकच विचारतात, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर पायाऐवजी हाताने चालवायचं हँड कंट्रोलचं किट कुठलं घेऊ. किटचं नंतर बघू हो. आधी हे बघा की तुम्हाला गाडीत आपलं आपण चढता येतं का आणि व्हीलचेअर आपली आपण आत घेता येते का, कारण हे दोन जमलं नाही तर गाडी कितीही छान चालवलीत तरी निघताना एक माणूस लागणार आणि पोचल्यावर दुसरा.

म्हणून शोरूमला रोजची व्हीलचेअर घेऊन जायचं. सेल्समन चांगुलपणाने म्हणतो, सर आम्ही उचलून बसवतो, तर त्याला नको म्हणायचं आणि स्वतः चढून बघायचं, दोनदा चढायचं आणि दोनदा उतरायचं. गाडीची सीट आणि व्हीलचेअरची सीट साधारण एका उंचीला आली पाहिजे. फार उंच गाडीत चढताना खांदे जातात, फार बुटक्या गाडीत शिरता येतं पण बाहेर येताना स्वतःला वर ओढावं लागतं. दार किती उघडतं ते बघा, आणि चाकं काढून व्हीलचेअरची फ्रेम मांडीवरून पलीकडच्या सीटवर टाकता येते का ते पण, माझ्या बाबतीत एक आवडलेली गाडी फक्त यावरच बाद झाली, स्टिअरिंग आणि पोटाच्या मधून फ्रेम जाईचना.

गाडी ऑटोमॅटिकच घ्या. क्लचचं पण हातावर आणणारे किट मिळतात पण एक हात स्टिअरिंगला, एक हात ब्रेकला, मग गिअरला कुठला हात देणार. आणि हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी मागे न सरकू देणारी सोय, असेल तर उत्तमच, खंबाटकी घाटात चढावर ट्रॅफिक थांबलं की त्याची किंमत कळते, नाहीतर प्रत्येक वेळी हँडब्रेक ओढा, रेस द्या, हँडब्रेक सोडा.

सगळ्यांना हँड कंट्रोल लागतंच असं नाही हं. फक्त डावा पाय कमजोर असेल तर साधी ऑटोमॅटिक बऱ्याचदा पुरते, उजवा असेल तर डाव्या पायाचा अ‍ॅक्सिलरेटर बसवून घेता येतो.

आता किट. एक दांडा असतो, पुढे ढकलला की ब्रेक आणि स्वतःकडे ओढला किंवा खाली दाबला की अ‍ॅक्सिलरेटर. ब्रेक पुढे ढकलूनच असायला हवा, कारण गाडी जोरात थांबते तेव्हा अंग पुढे जातं, हात पण पुढे जातो, म्हणजे ब्रेक आणखी दाबला जातो, सुटत नाही. स्टिअरिंगवर नॉब घ्या, एका हाताने पूर्ण वळण मारायचंय. हॉर्नचं एक बटण दांड्यावरच काढून घ्या. आणि पेडलसमोर गार्ड, याला नाही म्हणू नका, पायात अचानक स्पॅझम येतो, म्हणजे पाय आपोआप झटका मारतो, आणि पाय जाऊन अ‍ॅक्सिलरेटरवर पडतो, आपल्याला कळत पण नाही. पोटात आणि पाठीत ताकद नसेल तर छातीला वेगळा पट्टा लागेल, साधा सीटबेल्ट जोराचा झटका बसल्यावरच लॉक होतो, वळणावर तोल जाताना तो धरत नाही.

माझं पहिलं किट एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने बसवलं होतं, तिसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या गेटजवळ दांडा ढकलला तर ब्रेक अर्धाच लागला, दांडा पेडलला जोडणारा क्लॅम्प पेडलवरून सरकला होता. वेग अगदी कमी होता म्हणून गेटला नुसतं टेकलो. पण गेटमधून त्या वेळेला शाळेची मुलं येतात हो, ते आठवलं की अजून हात गार पडतात. तेव्हापासून प्रत्येक नटावर पेंट मार्करने रेघ आहे, अर्धी नटावर, अर्धी पट्टीवर, रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला, आणि मोबाइलचा टॉर्च लावून दर रविवारी बघतो. म्हणून सांगतो, मान्यताप्राप्त किट घ्या, पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट मागा, आणि स्टिअरिंग कॉलमला कुणी वेल्डिंग करायला निघालं तर गाडी परत घेऊन या.

कागदपत्रं गाडीत बदल करण्याआधी सुरू करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाची परवानगी लागते आणि तो बदल आरसीवर चढवून घ्यायचा. लायसन्सला वर्ग आहे अडॅप्टेड व्हेईकल, आधी याला इनव्हॅलिड कॅरेज म्हणायचे, २०१९ च्या दुरुस्तीत तो शब्द गेला आणि बरं झालं गेला. लर्निंगसाठी डॉक्टरचा फॉर्म १-ए, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट, ती आपल्याच बदललेल्या गाडीवर. नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये ओनरशिप टाइप दिव्यांगजन लिहिलंय ना ते स्वतः वाचा, २०२० पासून तो रकाना आहे, टोलमाफीच्या फास्टॅगला तेच बघतात. विमा कंपनीला बदल कळवा आणि आयएमटी १२ ची, म्हणजे दिव्यांगांसाठी बदललेल्या गाडीच्या हप्त्यावरची, सूट विचारा, एजंट आपणहून सांगत नाही.

शिकायला रिकामं मैदान आणि सोबत एक माणूस. पहिले दोन दिवस माझा हात घाबरला की दांडा ओढायचा, म्हणजे रेस, म्हणून आठवडाभर फक्त चालणं थांबणं, चालणं थांबणं एवढंच केलं. मग गाडी अगदी हळू असताना इंजिन बंद करून ब्रेक दाबून बघा, एकदोनदा लागतो आणि मग दगडासारखा कडक होतो, ते हाताला आधी माहीत असू दे.

उन्हाळ्यात बसण्याआधी सीट आणि बेल्टचं बक्कल हाताने चाचपा, वर टॉवेल टाका. मला जाणीव नसल्यामुळे बक्कलने मांडीला भाजलेलं घरी आल्यावर दिसलं आणि ती जखम भरायला दोन महिने लागले. लांब जाताना सीटवर रोजची उशी घ्या पण आधी तिच्यासकट आरशांची उंची लावा, आणि पाणी आणि फोन हात पोचेल असे दाराच्या कप्प्यात ठेवा, मागच्या सीटवर नको.